पडद्याची बाहेरची कड

जळगाव, ९ जुलै २०२५

अक्का,

वाकून नमस्कार. तब्येत विचारत नाही. मागच्या वेळी विचारली तर "मशीनला विचार, ती माझ्याहून जुनी आहे आणि तक्रार कमी करते" असं उत्तर आलं होतं. फोनही करत नाही. तुम्हाला ऐकू जावं म्हणून शेजारची पोर भूमिका माझा निरोप असा ओरडून सांगते की तो आधी गल्लीला कळतो आणि उरला तर तुम्हाला.

एसटीच्या पार्सलने एक गाठोडं येईल. तलावावरच्या बोटींसाठी मार्चमध्ये तुम्ही पावसाळी पडदे शिवून दिलेत, त्यातला एक आहे. मागच्या आठवड्यात वारा झाला, त्यात फाटला. कॅनव्हासच तो, कधीतरी फाटायचाच. आतून ठिगळ, वरून दुहेरी शिलाई, असं काहीतरी करा की नवा वाटावा. बटणांचं मी इथे बघतो, तुम्ही त्यांना हात लावू नका.

जरा घाई आहे. बोटिंगचे ठेकेदार राकेशशेठ पंधरा ऑगस्टला पुन्हा उद्घाटन करणार आहेत. एप्रिलमध्ये एक झालं, पण त्या माणसाचं एका उद्घाटनावर भागत नाही. बोटी तीन आणि आजवर कापलेल्या फिती पाच. पाहुण्यांनी नारिंगी जाकिटं घालून फोटो काढले आणि मग मळायला नकोत म्हणून जाकिटं कपाटात गेली. किल्ली शेठच्या खिशात.

परवा त्यांनी मला गादीवर शेजारी बसवून घेतलं. म्हणाले, एका चालकाने घाबरून गोंधळ घातलाय, तेव्हा छताचं आणि पडद्यांचं काम निर्दोष होतं एवढं दोन ओळींत लिहून द्या. दिलं. नव्या नऊ बोटींची छतंही आपल्याकडेच यायची आहेत. नऊ, अक्का. पाटीवर आता "हूड वर्क्स" शोभत नाही, काहीतरी मोठं लिहावं लागेल.

तुमचा,
भूपेंद्र

ता. क. गाठोडं मी सोडून पाहिलेलं नाही. वेळच झाला नाही.


धुळे, १५ जुलै २०२५

चि. भूपेंद्र,

आशीर्वाद आहेतच. तू मागितलेस की नाही हे बघून मी ते देत नाही.

गाठोडं पोचलं. तू सोडून पाहिलं नाहीस हे लिहायची गरज नव्हती. दोरीला मासे धरणाऱ्याची गाठ होती. तुझी गाठ मी ओळखते, ती आपोआप सुटते.

आता ऐक. वाऱ्याने फाटलेला कॅनव्हास मी चाळीस वर्षं बघते आहे. तुझे नाना या दुकानात जीपचे कापडी टप करायचे तेव्हापासून, तू त्यांच्याकडे शिकायला यायच्याही आधी. वारा बटणाच्या मुळाशी फाडतो. आधी बटणाभोवतीचं कापड विरतं, मग वारा बटण घेऊन जातो. हा पडदा मधोमध फाटला आहे आणि फाटला आहे म्हणजे कापला आहे. धाग्यांची टोकं बाहेरच्या अंगाला आली आहेत, म्हणजे आतल्या माणसाने कापला. वरून दीड हात सरळ आणि खाली येऊन वळण. चाकू असा वळत नाही. केळीचा घड उतरवायचा विळा वळतो. वाऱ्याच्या हातात विळा कधीपासून आला?

आणखी एक. ज्यांनी गाठोडं बांधलं त्यांनी खालची लाकडी पट्टीही उचकटून सोबत दिली आहे, कारण पडदा तिच्यावरून निघेना. बारा टिच बटणं होती, बाराही अजून बंद. मी दोन्ही अंगठे लावले. मग गुडघा लावला. शेवटी पकड घेतली. टिच बटण उघडायला पकड लागली, असं या दुकानात प्रथमच झालं.

ठिगळ लावत नाही. आत कोण होतं ते आधी लिही.

अक्का


जळगाव, २१ जुलै २०२५

अक्का,

तुमच्यापुढे कापड टाकणं म्हणजे पोलिसापुढे खिसा उलटा करणं. माझंच चुकलं, पडदा धुऊन पाठवायला हवा होता.

हो, कापला. सुपडूने. सुपडू म्हणजे दोन नंबरच्या बोटीचा चालक. धरणगावकडचा, पण बरीच वर्षं रावेरच्या केळीच्या बागांत घड उतरवायला होता. काम सुटलं तरी विळा कमरेचा सुटला नाही.

झालं असं. निघतानाच पाऊस आला म्हणून त्याने काठावरच चारी बाजूंचे पडदे लावले. आत सोनगीरचं एक कुटुंब, सात माणसं. वाऱ्याने बोट दगडी काठाकडे लोटली, मागची बाजू खडकावर बसली आणि इंजिनाकडून पाणी आत यायला लागलं. काठ पंधरा हातांवर आणि तिथे पाणी छातीइतकं. जरा दम धरला असता तर पडदे उघडून सगळे सावकाश उतरले असते. पण मागे बसलेला हा इंजिनाजवळच्या अरुंद फटीतून आत घुसला, विळा काढला, पडदा टराटरा फाडला आणि माणसं बाहेर लोटली. कुणालाही काहीही झालेलं नाही. भागाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिच्या हाताला थोडंसं लागलं. बस.

राकेशशेठचं म्हणणं, सगळे कापलेल्या बाजूला धावले म्हणून बोट कलंडली, म्हणजे नुकसान सुपडूने केलं. त्यांनी त्याला काढून टाकलं. आसपासच्या धरणांवरच्या ठेकेदारांनाही कळवलं की हा माणूस बोट कापतो. आता तो पुन्हा केळीच्या वखारीत गाडी भरतो. वय बावन्न. पाण्यावरचं काम त्याला पहिल्यांदाच मनासारखं मिळालं होतं, असं लोक सांगतात. लोक काहीही सांगतात.

माझ्या चिठ्ठीचा यात फारसा हात नाही. दोनच ओळी आहेत: "पडदे व बटणे निर्दोष असून कोणासही सहज उघडता येतात." शेठने ती कपाटात ठेवली, जाकिटांच्या शेजारी. कुणी विचारलंच तर दाखवतील. कोण विचारतंय?

तुम्ही म्हणाल, मग बटणं बंद कशी? पाण्याने गंजली असतील. पितळही गंजतं कधीकधी.

ठिगळाचं बघा.

भूपेंद्र


धुळे, २६ जुलै २०२५

भूपेंद्र,

पितळ तीन महिन्यांत गंजतं हे तू मला सांगतोस. बरं.

माणसं किती होती ते लिहिलंस. विळ्याने बाहेर निघाली ते लिहिलंस. ती आपणहून का निघाली नाहीत, ते सोडलंस.

मला एकच सांग. पडद्याची कड पट्टीच्या आत होती की बाहेर? उत्तर मला माहीत आहे. मला ते तुझ्या अक्षरात हवं आहे.

आणि सोनगीरला जाऊन ये. थोडंसं लागलं म्हणजे किती लागलं, ते मोजून ये. माप घ्यायला तू शिकलेला आहेस.

अक्का


जळगाव, ४ ऑगस्ट २०२५

अक्का,

कड बाहेर होती.

आठ दिवस हे तीन शब्द लिहायला लागले. मधे दोन पत्रं लिहिली आणि फाडली. ती मात्र खरोखर फाडली, कापली नाहीत.

तीस वर्षं मी रिक्षांचे पडदे केले. रिक्षाचा पडदा बाहेरून लागतो. चालक पावसात उतरतो, टिच टिच करत बटणं लावतो, गिऱ्हाईक आत कोरडं बसून राहतं. माझ्या हाताला तेवढंच येतं. बोटीचं माप घेतलं तेव्हा बोट शेडमध्ये कोरड्या फरशीवर होती. मी तिच्या भोवती फिरलो, बाहेर उभा राहून मापं घेतली, बाहेर उभा राहून बटणांच्या खुणा केल्या. बाहेर उभं राहायला जागा होती ना. बोट पाण्यात गेल्यावर त्या जागेचं काय होतं, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. अक्का, मी एक रिक्षा केली आणि ती तलावात सोडली.

तरीही बटणं ढकलून उघडली असती. पण मे महिन्यात शेठची तक्रार आली, की लोक फोटोसाठी आतून पडदा ढकलतात, बटणं निघतात, बरं दिसत नाही. मी पकड घेऊन गेलो आणि एकेका बटणाचं तोंड दाबून आलो. तिन्ही बोटींचं. शेठने पाठ थोपटली. मलाही वाटलं, काम पक्कं झालं.

सोनगीरला गेलो. धुळ्यावरूनच गेलो, तुमच्याकडे उतरलो नाही. ते मनात धरा.

भागाबाईंच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं नाहीत. पडद्याची कड सापडेना, म्हणून त्या शिवणीत बोटं घालून ओढत होत्या. त्यांची सून सपना मांडीवरचं मूल डोक्यावर धरून उभी होती. पाणी कमरेशी आलं होतं आणि खालून पडदा ढकलला की तो फुगायचा आणि परत यायचा. मी म्हटलं, पडदे माझ्या दुकानातले. मला वाटलं शिव्या देतील, मी तयारीनेच गेलो होतो. भागाबाई म्हणाल्या, "काम मजबूत शे हा भाऊ तुमचं. आम्ही सात जण लागलो, पण हाललं नाही." त्यांनी ते कौतुकाने म्हटलं. सपनाने माझ्याकडे बघत पाण्याचा तांब्या हातात न देता समोर ठेवला.

जाताना भागाबाईंनी विचारलं, तो विळेवाला माणूस बरा आहे ना, त्याला आमचा रामराम सांगा. मी हो म्हटलं.

आता मला सांगा, काय करू? चिठ्ठी परत मागितली तर नऊ बोटी जातील, त्या जाऊ देत. पण रिक्षावालेसुद्धा विचारतील, तुझं बटण उघडतं ना रे? तीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नाही.

एका गोष्टीने जरा बरं वाटतं. पडद्यांचा मी काढलेला नकाशा तुमच्या हाताखालून गेला. तुमच्या डोळ्यांतून टाका निसटत नाही आणि तुम्हालाही हे दिसलं नाही. म्हणजे चूक अशी होती की ती कुणालाच दिसली नसती.

भूपेंद्र


धुळे, ९ ऑगस्ट २०२५

चि. भूपेंद्र,

शेवटच्या ओळी तू स्वतःला धीर द्यायला लिहिल्यास. मी त्या तीनदा वाचल्या. चौथ्यांदा वाचवेना.

मला दिसलं होतं.

नकाशा आला त्याच दिवशी, पहिल्या नजरेत. कड बाहेर, बटणाची टोपी बाहेर, आतून ओढायला साधी कापडी जीभसुद्धा नाही. पाण्यावरच्या पडद्याला कड आत लागते आणि दर दोन बटणांमागे एक जीभ लागते, हे मी तुझ्या नानांना शिकवलेलं आहे. माझे वडील तापीवर नाव चालवायचे. नानांनी ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं म्हणून सांगितलं. तुला सांगायचं राहिलं असेल, तू जीपवर आणि रिक्षांवरच रमलास.

मग मी बोलले का नाही? आता ते लिहिते. हे लिहिताना माझं हसू होईल, ते झालं पाहिजे.

तू नकाशा एका जाड गुळगुळीत कागदाच्या पाठीवर काढला होतास. मी उलटून पाहिलं तर उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका. तिच्यावर खाली छापलेलं, "छत व पडदे: भूपेंद्र हूड वर्क्स, जळगाव." पडदे अजून माझ्या मशीनवर चढायचे होते आणि पत्रिका छापून झाली होती, माझ्या नावाशिवाय. मला पत्रिका आली ती तेवढीच, पाठीवर खुणा केलेली. बाकीच्यांना कोऱ्या पाठीची गेली असेल. तुला त्यात काही वाटलं नाही, हाताशी आलेला कागद तू घेतलास. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत असूनही राग यायचा तो आलाच.

मी ठरवलं, शिवायचं तसंच. जातील पडदे, कुणीतरी शहाणा पाहुणा आत बसेल, म्हणेल अरे हे उघडायचं कसं, चारचौघांत याची फजिती होईल, मग येईल गाठोडं घेऊन. तेव्हा विचारीन, का रे मोठ्या माणसा? टाके घालताना मी मनात हसत होते, भूपेंद्र. एकेका बोटीच्या अठ्ठेचाळीस बटणांच्या खुणांवर मी चुकीच्या बाजूने टाका घातला आणि प्रत्येक टाका सरळ घातला. तुझी फजिती होईल एवढाच हिशेब मी केला. आत माणसं बसणार आहेत, हे तुझ्यासारखंच माझ्याही डोक्यात नव्हतं. फरक इतकाच की तुला ठाऊक नव्हतं.

मी तुला इतके दिवस जे प्रश्न विचारत होते ते तुझ्यासाठी नव्हते. तुझ्याकडून पूर्ण कबुली आली तर माझा वाटा कमी होईल, असं वाटत होतं. कमी झाला नाही.

आता दुसरी चिठ्ठी लिही. पहिली खोटी आहे असं स्पष्ट लिही. चूक नकाशा काढणाऱ्याने केली आणि शिवणारीने बघून सोडून दिली, असं लिही. माझं पूर्ण नाव घाल. सुपडूने कापलं नसतं तर काय झालं असतं, तेही लिही. आणि कुणाच्या कपाटात जाणार नाही अशा ठिकाणी दे.

अक्का


जळगाव, २६ ऑगस्ट २०२५

अक्का,

तुमचं पत्र मिळालं. मग जे केलं ते लिहितो.

आधी शेठकडे गेलो. पंधरा ऑगस्ट होऊन गेलेला, सहावी फीत कापून ते खुशीत होते. दुसरी चिठ्ठी वाचून म्हणाले, एकदा निर्दोष लिहून देता, एकदा दोष लिहून देता, तुमचा धंदा शिवण्याचा की उसवण्याचा? चिठ्ठी घेतली नाही. नऊ बोटींचं काम गेलं हे वेगळं सांगायला नको, त्यांनीही वेगळं सांगितलं नाही.

मग बोटींना परवाना देतात त्या कार्यालयात गेलो. बाबूने विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध? म्हटलं, माझ्याविरुद्ध. तो म्हणाला, त्याचा नमुना आमच्याकडे नाही. बराच वेळ तो आणि मी मिळून मला कोणत्या रकान्यात घालावं ते शोधत होतो. शेवटी "इतर" मध्ये बसलो. शिक्का मारून पोच दिली. त्या पोचेची प्रत शेठला टपालाने मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी सुपडूला फोन आला, की झालं गेलं विसर, कामावर ये. तिन्ही बोटींचे पडदे बदलेपर्यंत पावसात बोट सोडायची नाही, असंही कार्यालयाने लिहून कळवलं.

तुमचं नाव मी चिठ्ठीत घातलं नाही. हात धजला नाही.

काल सुपडूला भेटायला वखारीत गेलो. तो केळीचे घड गाडीत लावत होता, शेवटचा दिवस म्हणाला. मी सगळं सांगितलं. रिक्षा, माप, पकड, दोन ओळी. भागाबाईंचा रामरामही सांगितला. तो पुरता ऐकत राहिला, काम न थांबवता. गाडी भरली, हात धुतले, मला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि तलावावर नेलं.

तीन नंबरच्या बोटीला जुनेच पडदे होते. तिचं नाक काठाला बांधलेलं, बाकी अंग पाण्यात. सुपडू म्हणाला, "बठ मझार."

मी आत बसलो. त्याने पडदे सोडले आणि गुडघाभर पाण्यात उतरून बोटीभोवती फिरत बाहेरून बटणं लावायला लागला. टिच. टिच. हा आवाज मी आयुष्यभर ऐकला, पण बाहेरून. आतून तो फार वेगळा लागतो. मागची फटही त्याने फळी लावून बंद केली. मग म्हणाला, "मी चहा पीसनी येस," आणि गेला.

किती वेळ गेला ते माहीत नाही. प्लास्टिकच्या खिडकीवर माझ्याच श्वासाची वाफ धरली. आधी मी तळहाताने ढकललं, मग खांद्याने. पडदा फुगायचा आणि परत यायचा, सपनाने सांगितला तसाच. खाली पाणी लाकडाला लागून वाजत होतं, काठ दोन पावलांवर होता आणि तरी मी भागाबाईंसारखा कड शोधायला लागलो. शिवणीत बोटं घालून पाहिली. तुमचा टाका, अक्का. तो कसा निघणार?

एकदा सुपडूभाऊ म्हणून हाक मारली. मग लाज वाटली, दुसरी मारली नाही.

तो आला तेव्हा त्याने बाहेरून एकच बटण उघडलं. तेवढ्या फटीतून पकड आत सरकवली. म्हणाला, "बाकीनं बठ्ठं तुम्ही," आणि काठावर जाऊन बसला. मी आतून एकेक बटण धरून, पिळून उघडत बाहेर आलो. घामाने भिजलो होतो. त्याने मला हात दिला नाही आणि दोषही दिला नाही. नव्या पडद्यांच्या जिभा लाल कापडाच्या करा, एवढंच बोलला. घाबरलेल्या माणसाला लाल लवकर दिसतं.

पडदे उसवून पाठवू का?

भूपेंद्र


धुळे, ३० ऑगस्ट २०२५

चि. भूपेंद्र,

पडदे पाठवू नकोस. मंगळवारच्या बसने मी येते. लाल कापड, दाभण आणि मेणाचा दोरा आणते. मशीन तुझी वापरीन, तिला तेल घालून ठेव.

पत्रिकेवर माझं नाव गाळलंस ते तुझ्या ध्यानात नव्हतं. चिठ्ठीत गाळलंस ते ध्यानात असून. दुसरं जास्त लागलं. आल्यावर आधी त्या "इतर" वाल्या बाबूकडे जाऊ. माझं नाव मी माझ्या हाताने लिहीन.

तीन नंबरच्या बोटीचे पडदे आता उसवू नकोस. होते तसे परत लाव. सुपडूला म्हणावं, अजून एक जण बसायला येते आहे, पडदे तिने शिवलेत. आणि त्याला सांग, म्हातारी आहे म्हणून चहा अर्धा कप पिऊ नये.

अक्का